चिचुंद्रीच्या कानावरची पिलं

आमच्या घरात एकाही जनावरावर आमची मालकी नव्हती, आणि आमचा सगळा दिवस जनावरांतच जायचा. आई आणि आण्णा दुसऱ्याच्या शेळ्या वाट्याने सांभाळायचे. वाट्याने म्हणजे शेळी मालकाची, राखण आमची, आणि जी करडं होतील त्यांतली निम्मी आमची. ऐकायला बरं वाटतं. पण मेलेलं करडू नेहमी आमच्याच वाट्याचं निघायचं. उन्हाळा सरता सरता शेळ्यांच्या कानांत, कासेभोवती, शेपटीखाली गोचीड टच्च फुगलेले असत. शेळी वाळत जायची, दूध आटायचं, करडं उभी राहता राहता बसायची. दिवेलागणीच्या आत आम्ही भावंडं एकेक शेळी गुडघ्यात धरून गोचीड उपटायचो आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचो. नखं लाल व्हायची. हात कितीही धुतले तरी भाकरीला तो वास यायचाच. आई म्हणायची, "रगत पितंय मेलं, आन नाव-गाव बी सांगत न्हाई."

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. आईकडच्या आणि आण्णांकडच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवणार. प्राणिशास्त्राच्या आमच्या पुस्तकात गोचिडाला अर्धं पान होतं, आणि परीक्षेला तो कधी आला नाही.

पदवीनंतर गावातल्या सगळ्या हुशार पोरांसारखी मीही दिल्लीला आले, साहेब व्हायला. करोल बागेत एका खोलीत आम्ही चौघी. खाली कपड्यांची दुकानं, वर आमची संविधानाची पुस्तकं. पूर्वपरीक्षा एकदा गेली, पुन्हा गेली. घरी परत जायचं नव्हतं आणि दिल्लीत थांबायला कारण उरलं नव्हतं. अशा दिवसांत मराठी मंडळाच्या वाचनालयात, लग्नाच्या स्थळांच्या आणि उकडीच्या मोदकांच्या जाहिरातींमध्ये एक कागद टाचलेला दिसला. अक्षर मोठं, ओळी तिरप्या जाणाऱ्या.

"सूक्ष्मदर्शकातून बघण्यासाठी तरुण डोळे हवेत. मराठी बोलणारे असल्यास उत्तम. किळस असणाऱ्यांनी येऊ नये."

खाली मयूर विहारचा पत्ता.

दार एका उंच, शांत गृहस्थांनी उघडलं. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कारखानीस काका. त्यांनी आत हाक मारली, "नलू, तुझे डोळे आलेत." आणि आतून आल्या डॉ. नलिनी कारखानीस. बुटक्या, सुती साडी, पायात मुलांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या माझ्याकडे न बघता माझ्या उजव्या कानाकडे बघून बोलायला लागल्या. मला वाटलं, कानातलं पडलं की काय.

"राग मानू नकोस," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय. जिकडे बघते ते दिसत नाही, शेजारचं दिसतं. कानाकडे बघितलं की तुझा चेहरा थोडा सापडतो. नाव काय?"

"वनिता."

"अच्छा. बस, वनिता."

बाल्कनी काचांनी बंद करून त्यांनी तिथे टेबल मांडलं होतं. हिवाळ्याची सकाळ होती. काचेबाहेर धुकं इतकं दाट की समोरची इमारत कुणी अर्धी पुसून टाकल्यासारखी वाटत होती. काकांनी चहा आणला. बाईंनी एका चिमुकल्या बशीत काहीतरी ठेवून माझ्याकडे सरकवलं.

"बघ. काय दिसतंय?"

मी डोळा लावला. प्रकाशात एक तपकिरी गोष्ट तरंगत होती. एवढ्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला क्षण लागला नाही.

"शेळीचा गोचीड," मी ठसक्यात म्हणाले.

"शेळीचा कशावरून?"

"आमच्याकडं शेळ्यांना असलेच असतात."

बाई हसल्या. हसताना त्यांचे खांदे आधी हलायचे, आवाज मागून यायचा. "म्हणजे तू गोचीड बघितलाच नाहीस. शेळी बघितलीस. पत्त्यावरून माणूस ओळखायची आपली जुनी खोड. नाव सांगू नकोस मला. दिसतं ते सांग."

मग दुपारपर्यंत मी दिसतं ते सांगत राहिले. पाठीवर ढाल आहे का? आहे. पूर्ण की अर्धी? पूर्ण. "मग नर. मादीला अर्धीच ढाल असते, रक्त पिऊन फुगायला जागा हवी ना बिचारीला." डोक्याचा तळ कसा आहे? मला शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, मधाच्या पोळ्यातल्या घरासारखा, सहा कोनांचा. मागची कड? मी म्हणाले, करंजीच्या कडेसारखी, मुरड घातल्यागत.

बाईंनी टेबलावर थाप मारली. "अहो, ऐकलंत का? करंजी म्हणाली! आम्ही इतकी वर्षं तिथे फ्रेंच शब्द लिहितोय."

"मग आज करंज्या करायच्या का?" आतून काका म्हणाले.

माझी नेमणूक अशी झाली.

बाई ज्या संस्थेतून निवृत्त झाल्या होत्या तिथे त्यांना मागच्या अंगाची एक खोली अजून दिलेली होती, सशांच्या पिंजऱ्यांच्या शेजारी. भिंतभर लाकडी खण, खणांत काचेच्या नळ्या, नळ्यांत अल्कोहोल आणि त्यात देशभरातले गोचीड. म्हशीचे, उंटाचे, साळिंदराचे, अस्वलाचे. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की सगळ्या नळ्या एकदम पेटल्यासारख्या व्हायच्या आणि खोली मधाच्या रंगाची होऊन जायची. त्या उजेडात बाई खणांपुढून हात फिरवत चालायच्या. कुठली नळी कुठे आहे हे त्यांना डोळ्यांशिवाय ठाऊक होतं.

प्रत्येक नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असायची: कुठल्या जनावरावर सापडला, कुठे, कधी. आणि प्रत्येक नव्या नळीला बाई जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ठेवायच्या, चिठ्ठी दिसू नये म्हणून. गोचीड आधी बाहेर काढायचा, बघायचा, ओळखायचा. मगच चिंधी सोडायची. हा नियम मोडलेला त्यांना अजिबात चालायचा नाही. एकदा एका तरुण पशुवैद्यानं नळी हातात घेताच चिंधी सरकवली आणि म्हणाला, "मॅम, कुत्ते का है, तो सीधी बात है, कुत्ते वाला." बाईंनी त्याच्या हातातून नळी काढून घेतली. "बेटा, तू करोल बाग में मिला तो क्या मैं तुझे कपड़ेवाला लिख दूँ?" तो हसला. त्या हसल्या नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखालचं ते जग मला हळूहळू आवडायला लागलं. ज्याला मी लहानपणभर नखात चिरडलं, त्याच्या पाठीवर बारीक खड्डे होते, धुळीत पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. ढालीच्या दोन्ही कडांना दोन डोळे, मोहरीहून कितीतरी लहान, आणि तरी दुधी मोत्यासारखे. मी बघत बसायचे आणि बोलत राहायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या. कधी वाटायचं, मी त्यांना गोष्ट सांगतेय. कधी वाटायचं, त्यांना गोष्ट आधीच माहीत आहे आणि मी कुठे चुकते तेवढंच त्या ऐकतायत.

थंडीतल्या सकाळी आम्ही यमुनेच्या खादरात, म्हणजे काठच्या पुराच्या जमिनीत, जायचो. मयूर विहारपासून चालत जाता येतं. पुलावरून गाड्यांचा आवाज, आणि खाली उतरलं की एकदम भाजीचे वाफे, उंच गवत, धुक्यात बसलेले बगळे. बाईंनी एका काठीला पांढरं फलालीचं कापड बांधलेलं होतं. ते गवतावरून ओढत चालायचं, थांबायचं, उलटं करायचं, आणि कापडाला चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलायचे. एवढंच काम. पांढऱ्या धुक्यात पांढरं कापड ओढत जाणारी पांढऱ्या केसांची बाई. मी मागे राहिले की कापड दिसायचं नाही, बाई दिसायच्या नाहीत, फक्त गवत वाकताना आणि उठताना दिसायचं.

तिथे भाजी पिकवणारी रामरती राहायची. तिच्या चार-पाच शेळ्या होत्या. ती लांबूनच ओरडायची, "अम्माजी, चादर धो रही हो कि मैली कर रही हो?"

"मेहमान बुला रही हूँ."

"कौन मेहमान?"

"वही, जो तेरी बकरियों के घर ठहरते हैं."

"उनको तो आप ही रख लो अम्माजी. मेरे यहाँ से तो निकलते ही नहीं!"

बाईंनी एकदा मला गवताच्या पात्याजवळ बसवलं. टोकावर एक गोचीड मागच्या पायांनी धरून उभा होता आणि पुढचे दोन पाय त्याने हवेत पसरले होते, कुणी येताना दिसल्यावर आपण हात पसरतो तसे. "त्याला नाक नाही," बाई कुजबुजल्या. "पुढच्या पायात एक खळगी असते, त्यानं वास घेतो. श्वासाची ऊब कळते त्याला. हा तीन घरांचा गोचीड. पिलू असताना एका जनावरावर जेवतो, खाली पडतो. कात टाकतो, मधला होतो, दुसऱ्या जनावरावर जेवतो, पुन्हा खाली. मग मोठा होऊन तिसऱ्यावर. जन्मात तीन जेवणं. बाकी सगळा वेळ नुसतं थांबायचं." त्यांनी पात्यावर हलकेच फुंकर घातली. तो गोचीड त्या फुंकरीकडे वळला. "बघ. मी आहे हे कळलं त्याला."



बाईंच्या सोसायटीत त्यांना सगळे मानायचे, पण थोडे दबूनच. सेक्रेटरी खन्नाजी एकदा तावातावाने आले. हातात काड्यापेटी. सोसायटीच्या आवारातले कुत्रे हलवा म्हणून त्यांना ठराव करायचा होता, आणि पुरावा म्हणून घराच्या भिंतीवर सापडलेला किडा त्यांनी काड्यापेटीत घालून आणला होता. "डॉक्टरसाब, आप लिख के दे दो, ये कुत्तों का है. मेरी पोती को काटा है."

बाईंनी काड्यापेटी माझ्याकडे दिली. "बघ गं."

मी बघितलं. दिसलं ते सांगत गेले: पाठीवर ढालच नव्हती. कातडी सुरकुतलेली, मनुकेसारखी. डोकं वरून दिसतच नव्हतं, पोटाखाली दडलेलं.

"बिल्कुल," बाई म्हणाल्या. "हा आमच्या कडक ढालीच्या खानदानातलाच नाही. हा मऊ गोचीड." मग हिंदीकडे वळून अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "खन्नाजी, आप सुबह छत पर बाजरा डालते हैं ना?"

"हाँ जी, रोज़. पुण्य का काम है. सौ-डेढ़ सौ कबूतर आते हैं."

"तो ये उन्हीं का है. कुत्तों ने तो इसे देखा भी नहीं होगा."

खन्नाजी काड्यापेटीकडे बघत राहिले. काकांनी त्यांना चहा दिला. ठराव झाला नाही. पुढे बाजरा पार्किंगपलीकडच्या मोकळ्या जागेत जायला लागला, आणि कुत्रे होते तिथेच राहिले.

चिंधीच्या त्या नियमाच्या मागे काय आहे हे मला फेब्रुवारीत कळलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. बाईंनी सगळ्यात खालच्या खणातून एक नळी काढली. हिला चिंधी नव्हती.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

आत खसखशीच्या दाण्याएवढी पिलं होती. सहा पायांची. गोचिडाच्या पिलाला सहाच पाय असतात, आठ नंतर येतात.

लग्न होऊन बाई दिल्लीला नव्या नव्या आल्या होत्या तेव्हाची ती नळी. क्वार्टरच्या मागे त्यांनी चिचुंद्र्या पकडल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर ही पिलं होती. कॉलनीतले सगळे कुत्रे गोचिडांनी भरलेले. बाईंनी सरळ लिहून टाकलं, की कुत्र्याच्या गोचिडाची पिलं चिचुंद्रीवर वाढतात. छापून आलं. "तरुण होते. माझं नाव छापलेलं बघून रात्रभर झोप नाही. मग दुसऱ्यांनी ते वाचून लिहिलं, तिसऱ्यांनी दुसऱ्यांचं वाचून लिहिलं. आता पाठ्यपुस्तकात आहे. माझं नावही गळून गेलंय, चूक तेवढी राहिलीय."

"चूकच कशावरून?"

"पिलं सगळ्यांचीच सारखी दिसतात गं. मी पिलं बघितलीच नाहीत, शेजारचे कुत्रे बघितले. डोळे जायच्या आधी शेवटचं नीट दिसत होतं तेव्हा ही नळी पुन्हा काढली. यांच्या डोक्याचा घाट मला कुत्र्याच्या गोचिडाचा वाटला नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. एकच मार्ग. चिचुंद्रीवरून जिवंत पिलं घ्यायची, वाढवायची, दोनदा कात टाकू द्यायची आणि मोठा नर झाला की त्याचं पोट बघायचं. दोनदा केलं. एकदा बुरशी लागली, एकदा उन्हानं वाळून गेली."

मी जरा बेधडकच विचारलं, "पण बाई, कुणाचीबी असूदेत. फरक काय पडतो?"

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. "तुमच्या शेळ्यांवर काय असायचं? रामरतीच्या शेळ्यांवर काय आहे? कुत्र्याचं समजून लोक कुत्र्यांना औषध लावतात. पिलं असतात चिचुंद्रीच्या बिळात, मजेत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शेळ्यांवर. आणि औषध मारणाऱ्याला वाटतं औषध खोटं." थोडं थांबून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, वर्षभरात कडेचंही जाईल. त्याआधी मला हे खोडायचंय. माझ्याच हातानं."

डोळ्यांपुढे आमच्या अंगणातली करडं उभी राहिली, एकेक करत खाली बसणारी.

मार्चमध्ये रामरतीच्या शेळ्यांच्या छपराकडेला आम्ही पिंजरे लावले. चिचुंद्रीचा वास ज्यानं घेतला असेल त्यालाच ठाऊक. बाई पदर नाकाला लावून तिच्याशी अदबीनं बोलायच्या, "घाबरू नका, चार दिवसांचा पाहुणचार, मग सोडतो." मी उंदीर म्हणाले की रागवायच्या. "उंदीर नव्हे ती! किडे खाऊन जगते. तिला उंदीर म्हणणं म्हणजे पुन्हा तेच." पिंजऱ्याखाली पाण्याची परात ठेवायची. पोट भरलेली पिलं आपोआप सुटून पाण्यात पडायची. सकाळी परात उन्हाकडे तिरपी धरली की तळाशी काळे ठिपके दिसायचे. कुणीतरी मूठभर रात्र सांडून ठेवल्यासारखे.

ती पिलं आम्ही नळ्यांत घातली आणि थांबलो. थांबण्याचं काम बाईंना छान यायचं, मला नाही. मे महिन्यात संस्थेची वीज दिवसचे दिवस जायला लागली. नळ्या ज्या यंत्रात ठेवल्या होत्या त्यातला गारवा संपला की पिलं वाळणार. एका दुपारी बाईंनी घरी फोन केला. तासाभरात काका रिक्षातून आले. मांडीवर त्यांचा पाण्याचा माठ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"वाळू भरा यात," ते म्हणाले. "माझं काय, मी बाटलीचं पाणी पीन."

"तुम्हाला बाटलीचं आवडत नाही," बाई म्हणाल्या.

"नलू, तुला आठवतंय का, मला आणखी काय काय आवडत नव्हतं? गोचीड पहिला नंबर होता."

ओल्या वाळूच्या माठात नळ्या उभ्या राहिल्या. काका रोज येऊन पाणी शिंपडून जायचे, देवाला स्नान घातल्यासारखे. काही नळ्यांना बुरशी आली, त्या टाकल्या. उरल्या त्यांच्यात कात पडली, आठ पायांचे मधले निघाले. त्यांना सशाच्या कानावर कापडी पिशवीत जेवायला ठेवलं. ससा कान हलवत गाजर खात होता. ते जेवले, फुगले, गळून पडले, पुन्हा माठात गेले. बाईंना तोवर कडेचंही धूसर झालं होतं. खोलीत त्या आता खणांना हात लावत चालायच्या. चहाचा कप समोर ठेवला तर शोधायच्या. मला घाई झाली होती. त्या मात्र माठाजवळ स्टूल घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "ऐक, काही ऐकू येतंय का?" काही ऐकू यायचं नाही. दिल्लीभर पाऊस पडत होता, खिडकीच्या काचेवर हिरवं पाणी, आणि माठातून ओल्या मातीचा वास.

पहिला नर ज्या सकाळी निघाला, मी त्याला पालथा करून बशीत ठेवला. बाई शेजारी बसल्या. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "दिसतं ते सांग."

"डोक्याचा तळ सहा कोनी."

"पुढे."

"कडेला करंजी."

"ते सगळ्यांनाच. पोटाकडे ये. खालच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या असतील. कुत्र्याच्या गोचिडात त्या लांबट, तिकोनी. ह्याच्यात?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. स्क्रू फिरवून कड स्पष्ट केली. मला शब्द आला होता, पण मला वाटलं, आज शब्दानं सांगू नये. मी त्यांचा डावा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर तो आकार काढला. वर रुंद. खाली येता येता आतल्या बाजूला वळलेला. शेवटी टोकदार.

"पुन्हा काढ."

मी पुन्हा काढला.

"विळा," बाई म्हणाल्या.

"विळाच, बाई."

त्यांचा तळवा तसाच उघडा होता. मग खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतायत, पण मागून आवाज आला तो हसण्याचा. "म्हणजे चुकलेच होते मी! बिल्कुल चुकले होते! अहो," त्यांनी दाराशी पाणी घेऊन उभ्या असलेल्या काकांना सांगितलं, "इतकी वर्षं चुकीच्या बाईशी संसार केलात."

"कल्पना होती," काका म्हणाले.

त्या जातीला शास्त्रात भलंमोठं नाव आहे: ऱ्हिपिसेफॅलस हीमाफायसॅलॉइडिस. पहिला शब्द म्हणजे पंख्याच्या डोक्याचा. दुसऱ्याचा अर्थ, दुसऱ्याच एका कुळातल्यासारखा दिसणारा. मोठा झाल्यावर हा शेळीवर, गाईवर, कुत्र्यावर, जंगलात बिबट्यावरही जेवतो. लहानपणी उंदीर-चिचुंद्र्यांवर. पुढच्या आठवड्यात आणखी नर निघाले. सगळे विळेवाले.

लेख लिहायला बसलो तेव्हा संस्थेतल्या एका साहेबांनी सुचवलं, "मॅडम, गलती क्यों लिखनी है? लिख दीजिए कि पुराने निरीक्षण में संशोधन किया गया." बाईंनी मला सांगितलं, "तू लिही. माझी आधीची नोंद चूक होती. मी पिलं न वाढवता नाव दिलं. एवढंच. दोन वाक्यं." मी लिहिलं. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि अंधारात चव घ्यावी तसं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं.

मी मग परीक्षेचा नाद सोडून एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. नोएडाच्या कॉलेजात माझा वर्ग सुरू व्हायचा होता त्या दिवशी बाईंचं संस्थेत पशुवैद्यांसमोर व्याख्यान होतं. मी त्यांना फळ्यापर्यंत नेलं आणि दाराशी थांबले. मला मेट्रो पकडायची होती. एव्हाना त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी खडू घेतला, डाव्या हातानं फळा चाचपला आणि तो वळलेला आकार काढायला सुरुवात केली. खूप मोठा. हात खाली येत राहिला, फळा संपला, आणि खडू भिंतीवरून पुढे जात राहिला. बाईंना कळलं नाही. समोर बसलेल्यांत कुणी हसलं नाही. त्या खाली वाकून भिंतीवर टोक काढत होत्या, अगदी सावकाश, टोक बरोबर यायला हवं म्हणून. मी बाहेर पडले तेव्हा त्या अजून वाकलेल्याच होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या हिवाळ्यात, मी गावी असताना, त्या झोपेतच गेल्या.

लेख त्याआधी छापून आला होता आणि काकांनी तो त्यांना वाचून दाखवला होता. चिचुंद्रीच्या कानावरची ती पिलं कुत्र्याच्या गोचिडाची नाहीत, हे आता पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीतही दुरुस्त झालं आहे. लेखावर पहिलं नाव नलिनी कारखानीस, दुसरं माझं. लग्नपत्रिका आणि मतदार यादी सोडली, तर आमच्या घरातलं छापून आलेलं ते पहिलं नाव आहे.